न वाचलेल्या चिठ्ठ्या

कवळ्या बनवणारा तो माणूस चर्चमध्ये प्रार्थनेला उभा राहिला की लहान मुलंसुद्धा चुळबुळ थांबवायची. त्याचा आवाजच तसा होता. मागच्या बाकावरच्या कमी ऐकू येणाऱ्या आजोबांनाही वाटायचं की आज आपले कान सुधारलेत. शब्दांसाठी तो कधी अडला नाही. आजाऱ्यासाठी उभा राहिला तर सूर वेगळा, नव्या जोडप्यासाठी वेगळा, आणि कोणी गेलं असेल तर असा की घरच्यांच्या आधी शेजाऱ्यांचे डोळे भरायचे. "कवळीवाल्या काकांची प्रार्थना म्हणजे थेट वर," असं लोक म्हणायचे. ते ऐकलं की तो मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, केवढी ही नम्रता.

धंद्यातही त्याचं नाव होतं. दोन खोल्यांचं दुकान, वरच्या मजल्यावर घर. डेंटिस्ट आपल्या रोग्यांच्या तोंडाची मापं पाठवायचे. हा त्यात प्लास्टर ओतायचा, साचा काढायचा, मेणात एकेक दात बसवायचा आणि शेवटी मोटरवर घासून कवळी अशी चकचकीत करायचा, की घेणाऱ्याला ती तोंडात घालायच्या आधी आरशात धरून बघावीशी वाटे. एकतीस वर्षं हेच काम. आसपासच्या चार रस्त्यांवरच्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं होतं, उरलेल्या निम्म्यांचं नव्हतं, ते त्यांना अजून स्वतःचे दात होते म्हणून. समोरचा माणूस दोन वाक्यं बोलला, की कवळी कुठे टोचते आणि कुठे सुटते, हे तो नुसतं ऐकून सांगायचा. बायको म्हणायची, "लग्नात सुद्धा यांचं लक्ष नवरा-नवरीकडे नसतं, पाहुण्यांच्या जबड्याकडे असतं."

चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी होती. ज्याला कोणाला प्रार्थना हवी असेल त्याने चिठ्ठी लिहून त्यात टाकायची. बारा वर्षांपूर्वी मंडळीच्या पंचांनी त्या पेटीची किल्ली एकमताने त्याच्या हातात दिली. दर रविवारी चिठ्ठ्या काढायच्या, आठवडाभर त्यांच्यासाठी प्रार्थना करायची आणि कुणाचं काही कुणापाशी बोलायचं नाही, एवढंच काम.

पहिली दोन वर्षं त्याने ते मनापासून केलं. दुकानाची मागची खोली तेव्हा रिकामी होती. खिडकीशी एक खुर्ची, एक टेबल. सकाळी सात ते आठ तो तिथे बसायचा. एकेक चिठ्ठी उघडायची, दोनदा वाचायची, त्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा, आणि मग देवाशी बोलायचं. कधी बोलणं व्हायचंच नाही, तो नुसता बसून राहायचा. आठला उठला की अंग हलकं वाटायचं. कधी कधी चिठ्ठी वाचून तो त्याच दिवशी त्या माणसाच्या दारात जाऊन उभा राहायचा.

मग काम वाढलं. दोन डेंटिस्टांचे चार झाले, चाराचे सात. प्लास्टरची पोती ठेवायला जागा उरली नाही, म्हणून दोन पोती मागच्या खोलीत गेली, तात्पुरती. पुढे पॉलिशची मोटर तिकडे गेली, कारण तिच्या घरघरीत बायकोला फोन ऐकू येईना. मग जुने साचे गेले. खुर्चीवर आधी त्याचा कोट पडायला लागला, नंतर कोटावर पुठ्ठ्याची खोकी. सात ते आठचा तास साडेसात ते आठ झाला, मग पंधरा मिनिटांचा, मग दुकानाचं दार उघडता उघडता केलेला, आणि शेवटी 'मनातल्या मनात'. आणि मनात म्हणाल तर तिथेही कवळ्याच भरलेल्या. त्याने देवाला कधी घराबाहेर काढलं नाही. रोज फक्त "जरा सरकून घ्या" म्हणत गेला. दहा वर्षांत देव किती सरकला असेल, याचा हिशोब त्याने कधी लावला नाही.

चिठ्ठ्या मात्र येतच होत्या. रविवारी पेटी उघडून तो त्या पिशवीत भरायचा आणि घरी आल्यावर बुटांच्या रिकाम्या खोक्यात ओतायचा. वाचू या आठवड्यात. एक खोकं भरलं, दुसरं आलं. रस्त्यात कोणी अडवून विचारायचं, "काका, माझी चिठ्ठी मिळाली ना?" तो म्हणायचा, "मिळाली, मिळाली. प्रार्थना चालू आहे." पहिल्यांदा हे म्हणताना त्याची जीभ अडखळली होती. दहाव्यांदा अडखळली नाही. एखाद्याचं काम झालं की तो माणूस केक घेऊन आभार मानायला यायचा. आणि हा तो केक खायचाही. केक गोड लागायचा, हेच वाईट होतं.

त्या वर्षी चर्चमध्ये नवे पाळक आले, वयाने याच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. मंडळी जराशी झोपाळली आहे असं त्यांना वाटलं आणि त्यांनी आत्मिक नवजीवनाचा एक आठवडा ठरवला. सोमवार ते शनिवार रोज संध्याकाळी सभा. एके दिवशी ते दुकानात आले, प्लास्टरच्या पोत्यावरच बसले आणि म्हणाले, "काका, शुक्रवार तुमचा. बारा वर्षं तुम्ही लोकांची दुःखं देवापुढे नेताय. त्यातले चार-पाच अनुभव सांगा. नावं नकोत. कोणी काय मागितलं, देवाने कसं दिलं. लोकांना जागं करायला एवढं पुरे."

"अहो, मी काय सांगणार," तो म्हणाला.

"तुम्ही नाही तर कोण?" पाळक म्हणाले आणि पँटच्या मागचं पांढरं न झटकताच निघून गेले.

चार-पाच अनुभव सांगायचे, तर आधी चिठ्ठ्या तरी वाचायला हव्यात. सोमवारी सकाळी त्याने मागच्या खोलीतली बुटांची खोकी बाहेर काढली. नऊ निघाली. त्याला वाटलं होतं पाच-सहा असतील.

पहिल्या खोक्यातल्या काही चिठ्ठ्या वाचून त्याला हसूच आलं. एका बाईने लिहिलं होतं, 'नवऱ्याचं घोरणं थांबू दे, नाहीतर मला तरी बहिरी कर.' एका मुलाने देवाला विनवलं होतं की गणिताच्या बाई एक महिना आजारी पडू देत, पण फार नको. मग हसू ओसरत गेलं. 'डॉक्टरांनी गाठ सांगितली आहे. घरी अजून कोणाला बोलले नाही.' 'मुलगा तीन वर्षं फोन करत नाही.' एका चिठ्ठीवर नुसतंच होतं, 'मला कोणाशी तरी बोलायचं आहे,' आणि खाली फोन नंबर. तारीख चार वर्षांपूर्वीची. तो नंबर त्याने उगाचच दोनदा वाचला, जणू आता फोन केला तर चार वर्षांपूर्वीच उचलला जाईल.

सातव्या खोक्यात त्याला ते अक्षर दिसलं. उजवीकडे झुकलेलं, प्रत्येक ओळ पट्टीने आखल्यासारखी. मास्तरांचं अक्षर.

मास्तर म्हणजे त्याचे चर्चमधल्या रविवारच्या शाळेतले शिक्षक. वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, आणि त्या वर्षी कोणाशीच बोलायला तयार नव्हता. मास्तरांनी त्याला बोलायला लावलं नाही. वर्ग संपल्यावर ते त्याला शेजारी घेऊन बसायचे. "प्रार्थना करायची म्हणजे लगेच तोंड उघडायचं नाही, बाळा," ते म्हणायचे. "आधी गप्प बस. समोर कोण आहे ते तरी बघ." त्याचं पुढचं सगळं बोलणं त्या गप्प बसण्यातून आलं होतं. मास्तरांचे दात गेले, तेव्हा त्यांची कवळी याने स्वतः माप घेऊन, स्वतः मेण कोरून केली. इतकी चांगली कवळी पुन्हा त्याच्या हातून झाली नाही. मास्तर जाऊन आता आठ महिने झाले होते. अंत्यविधीला प्रार्थना यानेच केली होती. लोक हुंदके देऊन रडले होते. एक बाई तर म्हणाली होती, "तुम्ही हे लिहून द्या ना मला."

पहिल्या चिठ्ठीत मास्तरांनी लिहिलं होतं: 'वरची कवळी सैल झाली आहे. बोलताना पडते, म्हणून बोलणं कमी केलं. खाणंही जमत नाही. कवळीवाल्याच्या कामाचा व्याप मोठा, त्याला दुकानात जाऊन त्रास द्यावासा वाटत नाही. पण पेटी तोच उघडतो, तेव्हा वाचेलच. बाळा, सवडीने ये.'

त्याने ती खाली ठेवली आणि उरलेलं खोकं जमिनीवर उपडं केलं. तीन आठवड्यांनंतरची आणखी एक सापडली. 'घाई नाही. दुधात पाव भिजवून घेतो. पण आलास तर बरं वाटेल. कवळीचं आपलं निमित्त.' आणि तिसरी, अक्षर ओळ सोडून खाली घसरलेलं: 'मंडळीने कवळीवाल्यासाठी प्रार्थना करावी. फोनवर त्याचा आवाज फार दमलेला वाटला. त्याला विसावा मिळू दे.'

तो फोन त्याला लख्ख आठवला. मास्तरांनीच केला होता. हा एका हाताने साचा धरून बोलत होता. "मास्तर, या आठवड्यात मान वर करायला फुरसत नाही. पुढच्या आठवड्यात नक्की येतो. आणि तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतोय बरं का." मास्तर म्हणाले, "बरं, बाळा." शब्द थोडे बोबडे, थोडे फसफसलेले आले होते. याला वाटलं, वय झालं. दोन वाक्यांत जगाच्या कवळ्या ओळखणारा माणूस, आणि स्वतः केलेली कवळी सुटलेली त्याला ऐकू आली नाही. आतून अस्तर लावलं असतं तर पुन्हा घट्ट बसली असती. तासाभराचं काम.

बायको चहा घेऊन खाली आली, तेव्हा तो जमिनीवर चिठ्ठ्यांच्या पसाऱ्यात बसला होता. तिला वाटलं पडलाबिडला की काय. त्याने काही न बोलता तिन्ही चिठ्ठ्या तिच्या हातात दिल्या. तिने उभ्या उभ्या वाचल्या, मग चहाचा कप पोत्यावर ठेवून तीही खाली बसली.

"या मी वाचल्याच नाहीत," तो म्हणाला. "कुठल्याच वाचल्या नाहीत. दहा वर्षं."

"माहीत आहे मला."

"तुला माहीत होतं?"

"अहो, खोक्यांवरची धूळ कोण पुसतं?" ती म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "मला वाटायचं, बोलावं. पण रविवारी तुम्ही उभे राहिलात की सगळे माझ्याकडे बघायचे, नवऱ्याचं कौतुक म्हणून. मला ते आवडायचं. म्हणून नाही बोलले."

चहा कोणीच घेतला नाही.

त्या दिवशी त्याने एक कवळी बिघडवली. हिरडीसाठीचा प्लास्टिकचा मसाला घाईघाईत शिजवला आणि त्या गुलाबी भागात बुडबुडे आले. मंगळवारी दुसरी बिघडवली. चर्चमधल्या सभांना तो दोन्ही संध्याकाळी गेला आणि दोन्ही वेळा शेवटच्या बाकावर बसला. पुढे बोलावलं तर मानेनेच नको म्हणाला. लोकांना वाटलं, शुक्रवारची तयारी चालली आहे. त्याला देवाकडे क्षमा मागायची होती, पण ओठांवर जे शब्द येत ते इतके सुबक येत, की त्याला स्वतःचीच शिसारी यायची. 'हे दयाळू पित्या' एवढं मनात आलं आणि त्याने दात आवळले. ज्या जिभेने दहा वर्षं थापा मारल्या, तीच जीभ आता पश्चात्तापही किती छान करते, बघा.

बुधवारी तो मास्तरांच्या घरी गेला. मास्तरांची मुलगी तिथे एकटी राहायची. ती इस्पितळात नर्स होती, बहुतेक रात्रपाळीला. दुपारी झोप झाल्यावर ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर चादर पसरून गणवेशाला इस्त्री करत होती. लहानपणापासून ती याला दादा म्हणायची.

"दादा? आज कशी काय वाट चुकलात?"

त्याने बसायच्या आधीच चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. "या मला सोमवारी मिळाल्या. म्हणजे, मिळाल्या होत्या तेव्हाच. वाचल्या सोमवारी."

तिने अक्षर ओळखलं. हात लावला नाही. इस्त्री उभी करून ठेवली.

"मीच टाकायचे पेटीत," ती म्हणाली. "मी म्हटलं, बाबा, मी जाते ना दुकानात, पाच मिनिटांचं काम. तर म्हणाले, नको, तो ओशाळेल. चिठ्ठी वाचून आपणहून येईल. मला वाटलं तुम्ही वाचूनही आला नाहीत. आठ महिने मी तुमच्याशी त्याच रागाने बोलत नव्हते. तुमच्या लक्षात तरी आलं का?"

आलं नव्हतं.

"रोज विचारायचे, आला का गं तो? दार वाजलं की कवळी शोधायचे, तोंडात घालून बसायचे. तुम्ही आलात तर तुमची कवळी तोंडात दिसायला हवी म्हणून."

"ते त्यामुळेच..." तो म्हणाला. "खाणं सुटलं म्हणूनच गेले का?"

ती नर्स होती, तिने खोटा दिलासा दिला नाही आणि खोटा आरोपही केला नाही. "हृदय थकलं होतं. कवळी असती तरी कदाचित गेले असते. पण अंगात थोडी ताकद असती. चार दिवस नीट जेवले असते. गप्पा मारल्या असत्या. शेवटचा महिना ते फार कमी बोलले, दादा. आणि बोलायची केवढी हौस त्यांना." तिने इस्त्री बंद केली. "शवपेटीत ठेवताना कवळी घातली, तर राहीना. मी काढून घेतली. तुम्ही तिकडे प्रार्थना करत होतात ना, तेव्हा ती माझ्या पर्समध्ये होती."

तो रडला. कसं तर लहान मूल रडतं तसं, नाक पुसत, आवाज न आवरता. ती उठून त्याच्याजवळ आली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मी तुम्हाला क्षमा केली असं म्हणायला हवं, मला कळतं. पण आज नाही म्हणवत. खोटं कशाला बोलू. पाणी देऊ का?"

"दे," तो म्हणाला.

शुक्रवारी चर्च भरलेलं होतं. पाळकांनी त्याची ओळख करून दिली, तीही भरभरून. तो पुढे गेला. नेहमीसारखा समोरचा कठडा धरला. तो एरवी अर्धा तास सहज बोलला असता. त्या दिवशी चार मिनिटंही बोलला नसेल.

"तुम्ही चिठ्ठ्या टाकल्यात," तो म्हणाला, "आणि मी दहा वर्षं त्या वाचल्या नाहीत. प्रार्थना करतोय असं तुम्हाला तोंडावर सांगत राहिलो. ते खोटं होतं. मी स्वतःसाठीसुद्धा प्रार्थना करत नव्हतो. इथे उभं राहून जे बोलायचो तेवढंच. या चिठ्ठ्यांमध्ये एक माणूस माझी वाट बघत होता. तो आता नाही. देवाने काय काय दिलं ते सांग म्हणून मला इथे बोलावलंय. मला माहीत नाही त्याने काय दिलं. मी त्याच्याकडे बघतच नव्हतो."

त्याने नऊ खोकी आणली होती. ती पुढच्या बाकावर ठेवून तो म्हणाला, "ज्यांना आपली चिठ्ठी परत हवी त्यांनी घ्या. पेटीची किल्ली ही."

मग बेकरीवाल्याची बायको उभी राहिली. तिच्या मुलाच्या मेंदूचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं होतं, आणि सगळ्यात मोठा केक तिनेच आणला होता. "म्हणजे माझीही वाचली नव्हतीत?"

"नाही."

"मग माझा मुलगा बरा कसा झाला?"

"माझ्यामुळे नाही, एवढं खरं," तो म्हणाला. "तुम्ही करत होतात ना प्रार्थना?"

"मी तर रात्रंदिवस..." ती म्हणता म्हणता थांबली, खाली बसली आणि पदराने तोंड झाकून घेतलं. मागून एक जण उठून धाडदिशी दार लावून निघून गेला. एका जुन्या पंचांनी मोठ्याने म्हटलं, "असं चारचौघांत सांगायची काय गरज होती?" पाळकांनी कसंबसं एक गाणं सुरू केलं आणि सभा लवकर संपवली. बाहेर पायऱ्यांवर त्यांनी याला गाठलं. "काका, आधी मला सांगायचं होतंत. मी काय करू आता या लोकांचं?"

"तुम्हाला सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर तुम्ही मला समजून घेतलं असतं. आणि मग मी आज बोललो नसतो."

पाळक रागातच आत गेले. दोन दिवसांनी मात्र त्यांनी दुकानात येऊन सांगितलं, खोक्यांतल्या अर्ध्या चिठ्ठ्या ते स्वतः वाचतील. बाकीच्यांपैकी काही लोकांनी आपल्या परत नेल्या. उरलेल्या याच्याकडे आल्या. पेटीची किल्ली पंचांनी दोन बायकांकडे दिली, आणि रविवारच्या प्रार्थनेला त्याला कोणी उभं करेनासं झालं. त्याचं त्याला बरंच वाटलं. वाईटही वाटलं. कौतुकाची सवय इतक्या सहज सुटत नाही, हेही त्याला त्या दिवसांत कळलं.

नवजीवनाचा आठवडा संपला, तेव्हा याचं आयुष्य जरा जास्तच जुनं झाल्यासारखं वाटत होतं. तरी त्याने एक केलं. दोन डेंटिस्टांना त्याने हात जोडून सांगितलं की आता तुमचं काम होणार नाही. मग नवरा-बायकोने मिळून मागची खोली उपसली. पोती हलवली, जुने साचे फोडून टाकले, मोटर पुढच्या खोलीत आणली. "आता फोन मला ऐकू येणार नाही," बायको म्हणाली. "चांगलं आहे," तो म्हणाला. खुर्ची सापडली तेव्हा तिचा एक पाय डुगडुगत होता. त्याखाली त्याने पुठ्ठा घातला.

दुसऱ्या दिवशी सातला तो तिथे बसला. काहीच झालं नाही. त्याला वाटलं होतं की जागा रिकामी केली की देव लगेच येईल, आणि जुन्या काळासारखं हलकं हलकं वाटेल. आलं ते सगळं दुसरंच. मास्तर दार वाजलं की कवळी शोधताहेत, हे डोळ्यांपुढे यायचं. चार वर्षांपूर्वीचा तो फोन नंबर यायचा. तो लावून बघितला होता. नंबर दुसऱ्याच कोणाचा झाला होता. कधी उरलेल्या कामाच्या याद्या यायच्या, आणि मग त्या आल्या म्हणून पुन्हा अपराधी वाटायचं. तो उठून जायचा नाही एवढंच. "मी आलोय," एवढंच म्हणायचा, आणि गप्प बसायचा. कित्येक आठवडे त्याने याहून जास्त काही म्हटलं नाही. एकदा बायकोने विचारलं, "काही वाटतं का?" तो म्हणाला, "लाज वाटते. पण आता ती कोणासमोर वाटतेय ते कळतं."

आठ वाजता उठायच्या आधी तो उरलेल्या चिठ्ठ्यांमधली एक वाचायचा. जुनी असली तरी. ज्यात काही करण्यासारखं उरलं असेल तिथे संध्याकाळी जायचा. काही घरांत लोकांनी दार उघडून पुन्हा लावलं. गाठ झालेली ती बाई बरी होऊन कधीचीच दुसरीकडे राहायला गेली होती. ज्याचा मुलगा फोन करत नव्हता त्या म्हाताऱ्याने याला बसवून घेतलं आणि दोन तास मुलाच्या लहानपणच्या खोड्या सांगितल्या. शेवटी म्हणाला, "प्रार्थनाबिर्थना राहू द्या हो, पुढच्या गुरुवारी येता का?" तेव्हापासून गुरुवारी दुपारी दुकान बंद असतं.

वर्ष होत आलं, तेव्हाची गोष्ट. सकाळचे सव्वासात झाले असतील. पुढचं दार वाजलं. त्याने उघडलं, तर मास्तरांची मुलगी, गणवेशातच, हातात पिशवी. रात्रपाळी करून आली होती. वर्षभरात ती त्याच्याशी दोन-तीनदा बोलली होती, तेही रस्त्यात, कामापुरतं.

"तुम्ही सकाळी मागे बसता म्हणे," ती म्हणाली. "वहिनी म्हणाल्या."

"बसतो."

"मी बसले तर चालेल? बोलायचं काही नाहीये मला."

त्याने तिला आपली खुर्ची दिली आणि स्वतः पुढच्या खोलीतलं स्टूल आणून भिंतीपाशी बसला. ती खिडकीबाहेर बघत राहिली. थोड्या वेळाने तिची मान एका बाजूला कलली. झोप लागली होती तिला, तोंड जरासं उघडं. आज ती सगळं विसरून आली, की न विसरताच आली, हे त्याला कळलं नाही, आणि विचारायचा त्याला हक्कही वाटला नाही.

आठ वाजले. पुढे फोन वाजायला लागला. तो चवड्यांवर चालत गेला आणि त्याने फोनची तार काढून ठेवली. साडेआठला बायको जिन्यावरून डोकावली, पाहिलं, आणि तशीच वर गेली. त्याने मोटर लावली नाही. पुन्हा स्टुलावर येऊन बसला. आत कुठेतरी वाटलं की आपण इथे दोघंच नाही. मग लगेच वाटलं, एवढ्यात असं म्हणायची आपली लायकी नाही. पण जे वाटलं ते त्याने पुसूनही टाकलं नाही.

नऊला ती दचकून जागी झाली. "अगंबाई, किती वाजले?" म्हणत पिशवी उचलून निघाली. तो दाराशी उभा राहून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिला. मग आत आला, फोनची तार लावली आणि कामाला बसला.